सातपुड्यात सात दिवस पळायला जाताय? मग एवढी तयारी करा

आयोजकाकडे नाव नोंदवून सात दिवस डोंगरात राहायचं, ठरलेल्या वाटांवर पळायचं आणि पाड्यावर मुक्काम करायचा, असा हा आठवडा. सात दिवसांचे तास होतात 168. रोज दीड-दोन तास पळालात तरी प्रत्यक्ष पळण्यात जाणारे तास दहा-चौदा. उरलेल्या दीडशेहून जास्त तासांत तुम्ही काय खाता, कुठे झोपता, पायांकडे कधी बघता आणि ज्या गावात उतरलात तिथे कसे वागता, यावर शेवटच्या दिवशी तुम्ही पळताय की आयोजकांच्या जीपमध्ये बसलाय हे ठरतं. जळगाव-धुळ्यातली चांगली पळणारी मंडळी अशा आठवड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळतात, त्यांचा दम कमी पडलेला नसतो. कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणाच्या टाचेला फोड आलेला असतो, कुणी थंडीत रात्रभर जागा असतो. म्हणून या लेखात पळण्याबद्दल जेवढं आहे त्याहून जास्त बाकीच्या तासांबद्दल आहे.

हे सगळं लिहिताना डोळ्यांपुढे सातपुडा आहे: तोरणमाळचं पठार, धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगरपाडे, रावेर-यावलच्या वरचा पालचा पट्टा. दिवस थंडीचे, म्हणजे दिवाळी ते महाशिवरात्र. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा सात दिवस पळायचा विचार करणाऱ्याला आमच्याकडे ‘येडा व्हयना का?’ असंच विचारतात.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारायचे प्रश्न

अशा आठवड्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. कुठे रोजचा वेळ मोजून सात दिवसांची बेरीज करतात, कुठे वेळ मोजतच नाहीत. एक दिवस चढाचा, एक दिवस रिलेचा, एक पहाटे अंधारात, एक गावच्या पोरांसोबत आणि मध्ये एक आरामाचा अशी साधारण मांडणी असते. तुमच्या वाट्याला काय येणार ते आधी कागदावर मागून घ्या: रोजचं अंतर, रोजचा एकूण चढ, पाण्याचे थांबे किती किलोमीटरवर आणि वेळेची मर्यादा काय. अंतरापेक्षा चढाचा आकडा महत्त्वाचा. सपाटीवरचे 15 किलोमीटर आणि 600 मीटर चढाचे 15 किलोमीटर यांचा एकमेकांशी संबंध नाही.

मग औषधपाण्याचं विचारा. सोबत डॉक्टर आहे का, गाडी चोवीस तास उभी असते का, सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे? इथे उत्तर किलोमीटरमध्ये घेऊ नका, तासांत घ्या. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रभर आहे, पण डोंगरातल्या पाड्यावरून फोन लागायला आधी रेंज लागते, आणि घाट चढून यायला वेळ लागतो तो लागतोच.

तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, तो मी आवर्जून विचारायला सांगतो: गावाची परवानगी घेतली आहे का? धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मोठे अधिकार आहेत. वाट राखीव जंगलातून जात असेल तर वनविभागाचाही कागद लागतो. ‘सरपंचांशी बोलणं झालंय’ एवढ्यावर भागवणाऱ्या आयोजकाचा पाण्याचा थांबाही बोलण्यापुरताच असण्याची शक्यता मोठी. स्वयंपाक कोण करणार, मुक्कामाचे पैसे कुणाला मिळणार, वाटाड्या म्हणून गावातली पोरं घेतली आहेत का, हेही त्याच दमात विचारून घ्या. सरळ उत्तरं मिळाली तर पैसे भरा.

पोळ्यापासून तयारी

डिसेंबरच्या शेवटी जायचं असेल तर पोळा झाला की सुरुवात करा, साधारण सोळा आठवडे हातात राहतात. मी धरून चालतो की तुम्ही आजच न थांबता 10 किलोमीटर आरामात पळू शकता. तेवढं जमत नसेल तर हे वर्ष तेवढ्यासाठी द्या आणि पुढच्या वर्षी जा.

सुरुवातीला आठवड्याचे 25-30 किलोमीटर. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत बाराव्या-तेराव्या आठवड्यात 50-60 पर्यंत या, आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी करा. वेगाच्या मागे लागू नका. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच गतीने बहुतेक पळ व्हायला हवी. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला.

सात दिवसांच्या पळण्याची खरी तालीम म्हणजे थकलेल्या पायांनी पुन्हा पळणं. म्हणून एकाच रविवारी 25 किलोमीटर ओढण्यापेक्षा शनिवारी 14 आणि रविवारी 10 करा. पुढे शुक्रवार जोडा. निघण्याच्या तीन आठवडे आधी सलग तीन दिवसांची रंगीत तालीम घ्या, तेच बूट, तीच पाठपिशवी, तेच खाणं, आणि जमलं तर घरातल्या फरशीवर सतरंजी टाकून झोपसुद्धा. जे काही काचणार, टोचणार, बिघडणार आहे ते इथेच कळतं. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणा. या दिवसांत पाय शिवशिवतात आणि ‘एक शेवटची मोठी पळ’ मारावीशी वाटते. मारू नका.

आता खान्देशची अडचण. तापीकाठचा मुलूख सपाट, आपला सराव शिवाररस्त्यावर नाहीतर मेहरूण तलावाच्या फेऱ्यांवर. सातपुड्यात मात्र चढ आहे, आणि त्याहून त्रासदायक म्हणजे उतार. शहाद्याचा सपाट पट्टा आणि तोरणमाळचं पठार यांच्या उंचीत साधारण हजार मीटरचा फरक आहे, यावरून अंदाज घ्या. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटांत परत येतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन रोखून धरतात, त्याने त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. चांगली गोष्ट अशी की उतारावरचा एक चांगला सराव झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तसा मार बऱ्यापैकी सोसतात. म्हणून धुळेकरांनी लळिंगचा किल्ला धरावा, चाळीसगावकरांनी पाटणादेवीकडच्या वाटा, यावल-रावेरवाल्यांनी मनुदेवी किंवा पाल. औट्रम घाटात वाहनांच्या गर्दीत पळायला जाऊ नका. दर पंधरा दिवसांनी एकदा डोंगर, त्यातही उतरण्यावर लक्ष: पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, नजर दोन-तीन मीटर पुढे, टाच रोवून अंग मागे टाकणं बंद. डोंगर जवळ नसेल तर चार मजली इमारतीचा जिना चालतो. घरी आठवड्यातून दोनदा बैठका, एका पायावर पायरी सावकाश उतरणं आणि टाचा उचलणं, एवढं वीस मिनिटांत उरकतं.

डॉक्टरकडे एक चक्कर

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब-साखर असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर ईसीजी आणि रक्ततपासणी करूनच नाव नोंदवा. पळताना छातीत दाब येणं किंवा चक्कर येणं कधीही झालं असेल तर ते लपवून जाऊ नका. बायकांनी हिमोग्लोबिन जरूर बघावं. ते कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांनी वर यायला महिने लागतात, ऐनवेळी काही करता येत नाही.

सिकलसेलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पळण्यावरच्या लेखांत ते क्वचितच येतं आणि आपल्या भागात ते बोललंच पाहिजे. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक विकार बराच आढळतो. ज्याला आजार आहे त्याला बहुधा माहीत असतं. जो फक्त वाहक आहे तो एरवी ठणठणीत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. अशा वाहकाने उन्हात, अंगात पाणी कमी असताना, एकदम जिवाच्या आकांताने जोर लावला तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वाहकाने पळू नये असं अजिबात नाही. हळूहळू वेग वाढवणं, पाणी पिणं, तापात न पळणं आणि दुखलं की तिथेच थांबणं एवढं पाळलं की पुष्कळ झालं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे. गावातली पोरं तुमच्यासोबत ऐनवेळी रिलेत उतरणार असतील तर हे आयोजकाच्या डॉक्टरला ठाऊक असायला हवं.

पिशवीत काय

बुटांचे दोन जोड, दोन्ही किमान दीडशे-दोनशे किलोमीटर वापरलेले. नवे कोरे बूट घालून येणारा माणूस दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांकडे पट्टी मागत फिरतो. सातपुड्यातली वाट मुरमाची आणि सुट्या दगडांची, त्यामुळे तळाला खाचा असलेले, रोजच्यापेक्षा अर्धा नंबर मोठे बूट घ्या, कारण सलग पळून पाय सुजतात. मोजे सुती नकोत, पाच-सहा जोड हवेत. मुक्कामात घालायला साध्या चपला, ज्यात पायाच्या बोटांना हवा लागेल.

थंडीचं सामान कमी नेण्याची आपल्या लोकांना खोड आहे. डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबकडे रात्रीचा पारा एक अंकी होतो, कधी दवही गोठतं. कानटोपी, जाड स्वेटर, हातमोजे आणि झोपायची गरम पिशवी किंवा दोन गोधड्या घ्या. दुपारी त्याच ठिकाणी ऊन चटके देतं, म्हणून टोपी आणि मान झाकायला उपरणंही.

कपाळावर बांधायची बॅटरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा, पॉवरबँक. दोरी आणि चार चिमटे, कपडे वाळवायला. जुने वर्तमानपत्र, ओल्या बुटांत कोंबायला. क्लोरिनच्या गोळ्या. रोख रक्कम, तीही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, कारण रेंज नसली की फोनवरून पैसे देणं बंद. पाळीचं सामान पुरेसं न्या आणि वापरलेलं बंद पिशवीत परत आणा, पाड्यावर कचरा उचलायला घंटागाडी येत नाही.

पोचणं

नंदुरबार स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे. तिथून प्रकाशामार्गे शहादा, शहाद्याहून पुढे घाट. जळगावहून रस्त्याने येणाऱ्यांना चोपडा-शिरपूर-शहादा सोयीचं. डोंगरातल्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात, शेवटची गाडी चुकली तर जीपवाल्याच्या मर्जीवर, तेव्हा वेळा आगारात फोन करून विचारा. पळायला सुरुवात होण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. घाटात मळमळणाऱ्यांनी पुढची सीट धरावी आणि शहाद्यात पोटभर जेवून गाडीत बसू नये.

पोचल्यावर घरी एक फोन करून सांगा की आता रोज फोन येईलच असं नाही. तेवढ्याने घरच्यांची झोप वाचते.

सात दिवस, एकेक

पारायणाला बसणारा पहिल्याच दिवशी अर्धी पोथी वाचून काढत नाही, रोजचे अध्याय ठरलेले असतात. पहिल्या दिवशी हेच डोक्यात ठेवा. गार हवा, नवी वाट, वाजणारा ढोल, कडेला उभी पोरं, सगळं तुम्हाला पळवायला टपलेलं असतं. त्यात गावातला एखादा मुलगा चपला काढून शेजारून सुसाट निघून जातो आणि तुमचा अहंकार दुखावतो. जाऊ द्या त्याला. तो या डोंगरात रोज चढतो-उतरतो. सटाणा-हरसूलपासून धडगावपर्यंतच्या या डोंगरी पट्ट्यात पायांत ताकद किती आहे, हे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक घेऊन दाखवलेलंच आहे. पहिल्या दिवशी पळ संपल्यावर ‘एवढंच आणखी पळता आलं असतं’ असं वाटलं पाहिजे. चढ चालत चढा, सगळे मुरलेले लोक चालतात.

दुसरा दिवस बरा जातो आणि फसवतो.

तिसरा दिवस सर्वांत वाईट. स्नायूंचं दुखणं मारानंतर 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं, म्हणजे पहिल्या दोन दिवसांचं सगळं उसनं याच सकाळी वसूल होतं. अंथरुणातून उठताना मांड्या दगड झालेल्या, जिथे मुक्काम त्या आश्रमशाळेच्या तीन पायऱ्या आडवं होऊन उतरायच्या. अशा वेळी काय करायचं याचा क्रम ठरवून ठेवा. उठल्यावर कोमट पाणी, मग दहा मिनिटं नुसतं चालणं, तेही पाड्यातून, कुणाशी बोलत. मग पाय मोकळे करायच्या हलक्या हालचाली, जागच्या जागी ताणून धरणं नको. पहिला किलोमीटर चालत-पळत. बहुतेक वेळा दोन-तीन किलोमीटरनंतर अंग सैल होतं. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर ते थकव्याचं दुखणं, पळता येतं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं, पाऊल टाकताच कळ देणारं दुखत असेल तर त्या दिवशी पळायचं नाही. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं हा सर्वांत धोक्याचा शहाणपणा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या अंगातलं पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि दुखणं दडपलं की इजा वाढते ती वेगळीच.

मधला आरामाचा दिवस असेल तर तो खरोखर आरामात घालवा. तोरणमाळला यशवंत तलाव, सीताखाई बघायला जायला हरकत नाही, पण ‘बघून येतो’ म्हणत दहा किलोमीटर चालून येणारे लोक मी ओळखतो. झोपा. दुपारी तासभर आणि रात्री नऊला आडवं.

पाचव्या दिवसापासून शरीर सरावतं, मग डोकं कुरकुरायला लागतं. त्याच चवीचं जेवण, तेच गार पाणी, शेजाऱ्याचं घोरणं. चिडचिड वाढली की बहुधा खाणं कमी पडलेलं असतं, आधी काहीतरी खा आणि मग भांडा. सहाव्या दिवशीची पळ सगळ्यांत सावध करा, पाय उचलला जात नाही आणि दगडावर ठेचकाळून पडणारे लोक याच दिवशी जास्त. सातव्या दिवशी गाव जमतं, तेव्हा थोडा जोर लावलात तरी चालेल.

ताट आणि बाटली

रोज पळलं की स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा साठा उपसला जातो आणि तो पुन्हा भरायला पिष्टमय अन्न आणि जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. हिशेब वजनाच्या दर किलोला साधारण 6 ते 8 ग्रॅम कर्बोदकं. 60 किलोच्या माणसाला सात ग्रॅमने 420 ग्रॅम. मध्यम भाकरीत 45-50, वाटीभर भातात 40-45, एका केळ्यात 25 धरा. म्हणजे दिवसभरात चार भाकरी, दोन-तीन वाट्या भात, तीन केळी, सकाळचे पोहे आणि गूळ-शेंगदाण्याचे दोन लाडू. जिवावर येईल इतकं वाटतं, पण नेमक्या याच ठिकाणी शहरी लोक कमी पडतात.

कळणाची भाकरी मिळाली तर नशीब समजा. ज्वारीत उडीद दळलेला असल्याने तिच्यात कर्बोदकांसोबत प्रथिनंही येतात. ती रात्री खा, सोबत डाळ, अंबाडीची भाजी, मिळाली तर अंडी. सकाळी पळायच्या आधी मात्र कोंडा-चोथा कमी हवा: केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळ घातलेला चहा, आणि निघायच्या तासभर आधी. तासापेक्षा जास्त पळ असेल तर वाटेत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. महागडी पाकिटं नसली तरी चालतं, दोन केळी किंवा खजूर आणि चिक्की पुरते. जळगावच्या माणसाने केळी घरून न्यावीत, कच्ची-पक्की मिसळ, म्हणजे आठवडाभर पुरतात.

शेवभाजीचं काय? खान्देशी माणसाला तिखट कमी कर म्हणणं अपमानाचं आहे याची मला कल्पना आहे. तरीही पळ असेल त्याच्या आदल्या रात्री तर्रीवाली शेवभाजी आणि ठेचा नको. सकाळी चढावर जंगलात आडोसा शोधत फिरावं लागतं. आरामाच्या आदल्या दिवशी हवी तेवढी खा. वरण-बट्टीचा बेत असेल तर तो पळ संपल्यावर दुपारी, तुपासकट.

पाणी उकळलेलं किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबलेलं. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वरच्या अंगाला गुरं असतात. तहान लागेल तसं प्या, उगाच लिटरमागून लिटर साधं पाणी ढोसू नका. घामातून मीठही जातं, आणि नुसतं पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम घसरून डोकं जड होतं, मळमळतं, माणूस बरळतो. लांब पळीनंतर ओआरएस घ्या, मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, अंदाजे ग्लासभर पाण्यात टाकायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर सगळं ठीक.

रोज संध्याकाळी पायांसाठी पंधरा मिनिटं

हे काम उद्यावर टाकणारा परवा घरी जातो. ऊन असतानाच ओट्यावर बसा. कोमट पाण्याने पाय धुवा, साबण लावून बोटांच्या बेचक्या घासा आणि त्या कोरड्या करा, नुसतं फडकं फिरवून नाही, प्रत्येक बेचकीत कापड घालून. मग उजेडात तळवा वर करून बघा. कुठे लालसर, गरम, चुरचुरणारी जागा असेल तर तो उद्याचा फोड. तिथे आत्ताच चिकटपट्टी लावा, कडा गोल कापून, सुरकुती न पडू देता, आणि रात्रभर ठेवा. फोड आलाच असेल आणि लहान असेल तर त्याला हात लावू नका, वर मऊ पट्टी. मोठा आणि ताठ असेल तर जोतीवर तापवून गार केलेली किंवा स्पिरिटने पुसलेली सुई फोडाच्या कडेला दोन ठिकाणी टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, जंतुनाशक मलम आणि पट्टी. कातडी ओढून काढली की खालचं मांस उघडं पडतं आणि मग चालताही येत नाही. मधुमेह असलेल्यांनी हे स्वतः करू नये, डॉक्टरला दाखवावं.

नखं निघण्याच्या आठवडाभर आधी सरळ कापा. सकाळी मोजे घालण्यापूर्वी बोटांना व्हॅसलिन, तसंच काखेत आणि मांड्यांच्या आत. बूट घालायच्या आधी उलटे करून झटका, डोंगरात विंचू बुटात शिरतात. झोपताना जमिनीवर थेट अंथरूण टाकण्यापेक्षा खाट मागून घ्या, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही. थंडीत साप कमी दिसतात, पण रात्री लघवीला उठताना बॅटरी पाहिजेच. कुणाला चावलाच तर कापणं-चोखणं-बांधणं नाही, माणसाला हलू न देता गाडीत घालून थेट रुग्णालय.

गाव हे कुणाचं तरी घर आहे

सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं नसतात. पाडे लांब लांब टेकड्यांवर विखुरलेले, आणि घरासमोरचं शेत हेच अंगण. तुमची वाट कुणाच्या तरी तुरीच्या, ज्वारीच्या कडेने जाते. बांधावरून जा, पीक तुडवू नका, वाट चुकलात तर मागे फिरा, शेतातून आडवं घुसू नका. वाट दाखवायला बांधलेल्या फिती गुरांच्या पोटात जातात, शेवटच्या दिवशी त्या काढायला आयोजकांना हात लावा.

बोली पावरी, भिली. मराठी बहुतेकांना कळते, बोलायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका. मोठ्या माणसाला बाबा, बाईला ताई किंवा मावशी म्हणून हाक मारली की पुढचं सोपं होतं. फोटो विचारून. पोरांना चॉकलेटं वाटू नका, त्यांना तुमच्या मागे हात पसरत पळायची सवय लागते. काही द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना विचारून द्या. गावात आमचूर, चारोळी, मोर नावाच्या भरडधान्याची भगर असं काही विकत मिळालं तर घासाघीस न करता घ्या. कुणी महूची, म्हणजे मोहाची दारू आग्रहाने पुढे केली तर ‘उद्या पळायचंय’ एवढं कारण पुरतं, लोक हसतात आणि सोडून देतात.

पाण्याचा वापर बघून करा. तुमच्या आंघोळीची बादली कुणीतरी डोक्यावरून चढ चढून आणलेली असू शकते. एक बादली, तीही रोज नको.

होळीच्या आधीच्या आठवड्यात जाणार असाल तर भोंगऱ्याचे बाजार लागलेले असतात आणि जिकडेतिकडे ढोल. तो त्यांचा सण, त्या दिवसांत पळण्याचं वेळापत्रक गावाच्या वेळापत्रकाला जुळवून घ्यावं लागतं. रात्रभर नाचून दमलेल्या गावात पहाटे पाचला भोंगा लावून शर्यत सुरू करणारे आयोजक पुढच्या वर्षी तिथे दिसत नाहीत.

थांबायचं कधी

लघवी चहा-कोलासारखी गडद झाली, पळ थांबून बराच वेळ झाला तरी छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलतोय, उन्हात घाम येणं बंद झालंय, पोटरी एकाच बाजूची सुजून गरम झालीय, ताप आहे: यांतलं काहीही असेल तर चर्चा न करता डॉक्टर. उष्माघाताच्या शंकेत आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी आणि वारा, मग गाडी. एकट्याने जंगलातली वाट धरू नका, विशेषतः पहाटे, दोघं-तिघं मिळूनच. आणि सोबतचा थांबला तर तुम्हीही थांबा, वेळ कितीही चांगली येत असली तरी.

घरी आल्यावर

दहा दिवस तरी जोरात पळू नका. पहिले चार दिवस नुसतं चालणं, मग हलकी पळ. भूक फार लागते, खा. सर्दी-खोकला या दिवसांत पटकन धरतो, झोप पूर्ण घ्या. बूट काढून टाकण्याआधी तळ बघा, एका बाजूने जास्त झिजला असेल तर पुढच्या सरावात पाऊल कसं पडतंय याकडे लक्ष द्यावं लागेल.

परतल्यानंतरच्या महिनाभरात थंडी वाजून ताप आला तर दगदगीचा ताप म्हणून अंगावर काढू नका. सातपुड्याच्या पायथ्याला आणि पाड्यांवर हिवताप आहे, आणि डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, लागतात. दवाखान्यात गेलात की ‘डोंगरात मुक्काम होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.